पाण्याच्या टाकीसमोरून पलीकडे

सोमवार, १२ जानेवारी २०२६

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, लातूरच्या साठ फुटी रस्त्यावर पाण्याच्या टाकीसमोर, दुभाजकातली ये-जा करायची मोकळी जागा सिमेंटचे तीन ठोकळे ठेवून बंद करण्यात आली. वेळ मी मनगटावर पाहिली, कारण तिसरा ठोकळा क्रेनवरून उतरत होता तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. एका हातात अर्धा किलो पेरू, दुसऱ्या हातात बँकेचं पुस्तक.

“आजी, माघारी फिरा,” क्रेनवाला म्हणाला.

“का फिरू? माझं घर समोर आहे. तो बघ, निळा दरवाजा.”

“दिसून राहिला की. पण आता सिग्नलवरून जावं लागंल.”

“कुणाच्या हुकमानं?”

त्यानं ठोकळ्यावरचं स्टिकर दाखवलं. हिरवं पान आणि खाली ‘हरित मार्ग’. पानाकडे बघून मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. नांदेडच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी ते शब्द शिकवले नव्हते.

सिग्नलपर्यंत जाऊन, रस्ता ओलांडून, पलीकडून परत घरापर्यंत चौदाशे बारा पावलं झाली. निळा दरवाजा माझ्यापासून वीस पावलांवर होता. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्याला एवढं गणित येतं.

राग त्याहून वेगळ्या गोष्टीचा आहे. हा रस्ता माझ्या हातचा आहे. १९८७ साली शहराच्या विकास आराखड्यातलं या भागाचं शीट मी ट्रेस केलं. साहेब लोक ठरवायचे, मोजणीदार मोजायचे आणि ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं रेघ मी ओढायचे. चौतीस वर्षं नोकरी झाली, एक वाईट शेरा नाही. तेव्हा इथे नुसती ज्वारी उभी होती. आणि आता हा रस्ता मला सांगतो, वळसा घालून ये.

पेरू कच्चे निघाले.

बुधवार, १४ जानेवारी

महापालिकेच्या हरित मार्ग कक्षात गेले. संक्रांत असल्यामुळे टेबलावर तिळगुळाचा डबा होता. तो समोर असताना भांडायला अडचण होते, तरी भांडले.

इंजिनियर वीरेश नावाचा आहे. मुखेडचा, तिशीच्या आसपास, नांदेडला शिकलेला. मीही नांदेडची, कॉन्व्हेंटची, असं सांगितल्यावर म्हणाला, “तुमच्या काळी कॉन्व्हेंट होतं?”

“होतं. बोलण्याआधी विचार करायला शिकवायचे.”

योजना त्यानं नीट समजावून सांगितली, हे मान्य केलं पाहिजे. विजेवरच्या बारा बस, दर आठ मिनिटांनी एक. दोन्ही कडांना सायकलींसाठी वेगळा पट्टा. ज्याला बससाठी वीस मिनिटं उभं राहावं लागत नाही तो मोटारसायकल घरी ठेवतो, असं त्याचं म्हणणं. मला पटलं. मी नाही म्हणायला गेले होते आणि मला योजना आवडली, हे इथे लिहून ठेवते.

“पण मधेमधे माणसं आडवी आली की बस अडती, मॅडम. म्हणून गॅप बंद केल्या.”

“पायी चालणाऱ्यांचं काय?”

“सर्व्हे केलाय की. टाकीसमोर शेहेचाळीस माणसं.”

“केव्हा मोजली?”

त्यानं फाइल उघडली. “रविवारी. दुपारी दोन ते चार.”

“रविवारी दुपारी दोन ते चार लातुरात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.”

तो हसला, मग साहेबांच्या केबिनकडे पाहून हसू आवरलं. तेवीस फेब्रुवारीला त्या ठोकळ्यांवर पाच फुटी जाळी बसणार आहे. मग चढूनही जाता येणार नाही. एकच पळवाट आहे: जिथे जुनी वहिवाट कागदावर दिसते तिथे क्रॉसिंग ठेवायची तरतूद योजनेत आहे.

“मग दाखवा कागद,” मी म्हणाले.

त्यानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. काचेच्या फ्रेममध्ये माझं शीट. प्रत नाही, मूळ ट्रेसिंग. उजव्या कोपऱ्यात माझीच अक्षरं: उ. गु. खा. उमादेवी गुरुपादप्पा खानापुरे. मी सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठला. “हे तुम्ही? हातानं? आम्ही अजून ह्यावरूनच मापं घेतो, मॅडम. एक चूक नाही.” मला त्यानं स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

“ह्या शीटात टाकीसमोर वाटच नाही,” तो म्हणाला.

“नाही म्हणजे नव्हतीच,” मी म्हणाले. “जमिनीवर होतं ते सगळं मी उतरवलंय.”

घरी आल्यावर लक्षात आलं की मी त्याचीच बाजू मांडून आले.

शुक्रवार, १६ जानेवारी

गॅलरीत खुर्ची टाकून सकाळी सहा ते संध्याकाळी सात मोजलं. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. जेवण मांडीवर.

दोन हजार एकशे चौदा.

आकडा दोनदा तपासला. ठोकळे अडीच फूट उंच आहेत, तरी दोन हजार एकशे चौदा माणसं चढून गेली. सहाला झाडूवाल्या बायका. साडेसहापासून पाठीवर दप्तर घेतलेली क्लासची पोरं, त्यांना अंतच नाही. नऊला एक माणूस अख्खी खिडकी, चौकटीसकट, डोक्यावर घेऊन पार झाला. दहाला एक म्हातारी; तिनं आधी काठी पलीकडे टाकली, मग स्वतः ठोकळ्यावर बसली, पाय फिरवले आणि उतरली, आपल्या ओट्यावरून उतरावं तशी. एक बाई नवजात बाळ पलीकडच्या अनोळखी माणसाच्या हातात देऊन चढली आणि बाळ परत घेऊन चालू लागली.

अकरा वर्षं मी या गॅलरीत चहा पिते आहे. मला वाटायचं, समोरून गाड्या जातात.

शनिवार, १७ जानेवारी

दोन हजार सत्त्याऐंशी. कालच्यापेक्षा फक्त सत्तावीस कमी. कुणी कुणाला सांगितलेलं नाही, हजेरी नाही, घंटा नाही. पाण्याला तरी उतार लागतो.

हात दुखतोय.

मंगळवार, २० जानेवारी

आज ठोकळ्याला पायरी आली.

कुणी बांधली असं म्हणता येत नाही. सकाळी एक फुटकी वीट होती. एका पोरानं पायानं सरकवून ठोकळ्याला लावली. दुपारी एकजण शहाबादी फरशीचा तुकडा ठेवून गेला. तिघाचौघांच्या पायाखाली तो डगमगला, तेव्हा एका बाईनं खाली खडी सारली. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या गवंड्यानं थापीभर माल टाकला आणि हात ठोकळ्याला पुसून गेला. पलीकडच्या अंगाला तसंच. मी दिवसभर समोर बसून होते. यातले दोघे एकमेकांशी बोलताना दिसले नाहीत.

सातनंतर पट्टी घेऊन खाली गेले. पायरीची उंची पावणेसात इंच. आम्ही नकाशात सात धरायचो.

मी चढून पलीकडे गेले आणि परत आले. पलीकडे काही काम नव्हतं.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहिते.

टाकीमागच्या गल्लीत गौरम्मा नावाची बाई राहते. निलंग्याकडची, पन्नाशीची, नवरा नाही. क्लासच्या मुलांचे जेवणाचे डबे करते. मुलं राहतात रस्त्यापलीकडच्या हॉस्टेलात. त्यांची दुपारची सुट्टी साडेबारा ते एक दहा. चव्वेचाळीस डबे ती तीन टोपल्यांत घालून डोक्यावरून नेते, तीन फेऱ्यांत. इतके दिवस ती मला गर्दीत दिसतच होती. मी तिला रेघ म्हणून मोजत होते.

आज पायरीचा पलीकडचा भाग कुणा गाडीनं उडवलेला होता. गौरम्मा टोपली घेऊन ठोकळ्याशी थांबली. हाक नाही, विनवणी नाही. क्लासची एक मुलगी ठोकळ्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसली आणि पहिला डबा उचलला. नळ दुरुस्तीवाल्यानं खांद्यावरचे पाइप खाली ठेवले. हेल्मेट घातलेला एक गृहस्थ मोटारसायकल उभी करून आला. हातातून हातात डबे जाऊ लागले. गौरम्मा पळत जाऊन दुसरी टोपली घेऊन आली, मग तिसरी. माणसं बदलत होती, ओळ तुटत नव्हती. एकीची रिक्षा आली, ती निघाली, तिच्या जागी दुसरी. शेवटचा डबा गेला आणि ओळ विरघळली. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

मी घड्याळ लावलं होतं: सहा मिनिटं. संपलं तेव्हा मी गॅलरीत उभी होते. केव्हा उठले, आठवत नाही.

संध्याकाळी गौरम्मा दारात.

“अक्का, तुमी वर बसून काय लिहून राहिल्या? आमचं चलान करता का?”

“मोजते आहे.”

“कशाला? माणसं काय पेरू हायत मोजायला?”

तिला आत घेतलं. जाळीचं सांगितलं. तिला ठाऊक होतं.

“जाळी बसली की संपलं बघा. सिग्नलवरून तीन फेऱ्या, एक फेरी पंचवीस मिंटाची. पोरांची सुट्टी चाळीस मिंट. त्यांच्या दारातच मेस हाय, तिकडं जातील. जाळीचं ऐकूनच ह्या महिन्याअखेर सहा पोरं सोडून चालली.”

“हातगाडी घे.”

“अय्यो! हातगाडीला वळसा न्हाई का लागत?”

“मग त्या बाजूला खोली घे.”

“तिकडं हॉस्टेल झालीत, अक्का. माझ्यासारखीला चूल मांडू देत न्हाईत.” मग माझ्या गुडघ्याकडे पाहून म्हणाली, “तुमी ह्याच्यासाठी भांडून राहिल्या ना? भांडा. तुमच्या गुडघ्याच्या मागं लपून आमचं बी काम हुईल.”

मी गुडघ्यासाठी भांडत नाही, तत्त्वासाठी भांडते, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती “हाव, हाव” म्हणाली. जाताना एक डबा ठेवून गेली. वरणात मीठ जास्त. संपवला.

गुरुवार, २९ जानेवारी

आता रोज एक डबा मी घेते. तिचा आकडा घसरू नये म्हणून. तरी काल तेहतीस होते.

परवा तिनं सिग्नलवरून जाऊन पाहिलं. तिसरी टोपली पोचली तेव्हा एक वीस झाले होते. मुलं वर्गात गेलेली. डबे परत आणून गल्लीतल्या म्हशींना घातले. मला सांगताना हसत होती. मी हसू शकले नाही.

आज विजेची बस पहिल्यांदा रस्त्यावर आली, चाचणीसाठी. धूर नाही, धडधड नाही. पांढरी, लांब, गॅलरीखालून अशी गेली की बशीतला चहासुद्धा हलला नाही. माझ्या आयुष्यात एवढी मोठी वस्तू इतक्या शांतपणे जाताना मी पाहिली नव्हती. आणि तिच्या मागे, ती गेल्याच्या दुसऱ्या क्षणी, एकोणीस माणसं ठोकळ्यावर चढली. या दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रू कशा, हे मला कुणी समजावून सांगावं.

रविवार, १ फेब्रुवारी

गौरम्मानं मला हॉस्टेलच्या गच्चीवर नेलं. बहात्तर पायऱ्या. मुलांना विचारायचं होतं की सुट्टी वाढवून मिळेल का. मिळणार नाही. पण ते राहिलं बाजूला.

वरून मी माझा नकाशा पाहिला. सरळ रस्ते, काटकोनात प्लॉट, जसे ओढले तसे. अभिमान वाटला. मग टाकीच्या पायथ्याशी नजर गेली. तिथून गौरम्माची गल्ली निघते. आजूबाजूच्या गल्ल्या सरळ, ही एकटी तिरकी. तिच्यावर पिठाची गिरणी, मग पार बांधलेलं कडुलिंबाचं झाड, मग आमच्या ठोकळ्याची पायरी. रस्त्याच्या अलीकडे हॉस्टेलचं फाटक, भिंतीच्या मध्यात असायचं ते कोपऱ्याला तोडून बसवलेलं. फाटकाच्या मागे पुन्हा तिरकी बोळ, आणि थेट तिच्या टोकाला मारुतीच्या देवळाचा कळस.

पिशवीतली पट्टी काढून एक डोळा मिटून धरली. टाकी, गिरणी, झाड, पायरी, फाटक, कळस. एक रेघ. माझे सगळे रस्ते तिरपे कापत ती गेली होती, जणू मी ते ओढलेच नव्हते. आणि तिच्यावरून, त्या क्षणीसुद्धा, मुंग्यांसारखी माणसं चालत होती.

“अक्का, काय बघून राहिल्या?”

“रेघ.”

“कुठाय? मला न्हाई दिसत.”

“तू रोज तिच्यावरून चालतेस.”

ती कठड्यावरून खाली वाकली. “अव्वा,” एवढंच म्हणाली.

घरांनी, दुकानांनी, देवानं आणि झाडानं अशी शिस्त कुणाच्या सांगण्यावरून पाळली? उतरताना मात्र मला धडधडायला लागलं. जिने फार आहेत, असं मी गौरम्माला सांगितलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

वीरेश माझे आकडे बघायला घरी आला. म्हणाला, अर्धा तास मी मोजतो. दहाव्या मिनिटाला त्याची मोजदाद चुकली, कारण तो बघतच राहिला होता.

“मॅडम, हे कॉलेजात शिकवलं नाही आम्हाला.”

“मलाही नाही.”

“पण साहेब आकडे बघत नाहीत. कागद मागतात. जुनी वहिवाट.”

शिरूर अनंतपाळला लक्ष्मणराव आहेत. त्या वेळी या भागाची मोजणी त्यांनी केली होती. चौऱ्याऐंशीचे असतील. त्यांना विचारावं, की विचारू नये? विचारू नये असं मला का वाटतं, ते कळत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

एसटीनं शिरूर अनंतपाळ. लक्ष्मणराव अंगणात बाजेवर बसले होते. दिसतं कमी, पण आवाज ओळखला. “उमाबाई? तुमी? बबिता, चहा ठेव गं, आमच्या कचेरीच्या बाई आल्या.” सून चहा घेऊन आली तोवर आम्ही मेलेल्यांची यादी उरकली.

मग मी विचारलं, “टाकी आहे तिथं तेव्हा काय होतं?”

“विहीर व्हती. गोड्या पाण्याची. त्या अंगाला तेवढी एकच.”

“आणि वाट?”

“वाट तर व्हतीच. वस्तीतून मारुतीपाशी, मारुतीपासून विहिरीवर. पायवाट. मी मोजणीची साखळी टाकली अन् बायांनी मला धरलं की वो. साखळी उचल म्हणल्या, घागरी घेऊन वलांडता येईना. लई शिव्या खाल्ल्या. फिल्ड बुकात ठिपके दिले मी.”

“मग शीटवर का नाही?”

त्यांनी कप खाली ठेवला. “तुमी काढली व्हती, बाई. मग खरवडली.”

“मी?”

“हाव. म्हणल्या, खुणांच्या यादीत गाडीवाट हाय, पायवाटेची खूणच न्हाई. साहेब शीट वापस करतील. म्हणल्या, दोन वर्षांत इथं साठ फुटी रस्ता हुतोय, बायांनी रस्त्यानं जावं. अर्धं ब्लेड घेतलं अन् पाच मिंटात साफ. वरून नखानं घोटलं. असा हात न्हाई पाहिला मी पुन्यांदा.”

त्यांनी हे कौतुकानं सांगितलं.

“तुम्ही बोलला का नाही?”

“मी बोलणार कसा? तुमी इंग्रजीत चिडत व्हत्या.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. वाटेत मोकळ्या रानात एका बाईनं हात केला. ना थांबा, ना पाटी. ड्रायव्हरनं बस थांबवली. खाली पाहिलं तर हरभऱ्यातून एक पायवाट येऊन नेमकी त्या जागी सडकेला लागत होती. ड्रायव्हरला ठाऊक होती.

सोमवार, ९ फेब्रुवारी

लक्ष्मणरावांचं वय झालं आहे. त्यांना काहीही आठवू शकतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माझंही वय झालं आहे आणि मला ते ब्लेड आठवलं. भारत नावाचं, निळ्या कागदातलं. बोटाला लागलं होतं.

आज मोजायला बसले नाही. डब्यातलं अर्धं परत पाठवलं. गौरम्मानं निरोप दिला, आजारी असाल तर पेज पाठवते. सव्वीस डबे उरलेत तिचे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

वीरेशला म्हणाले, फ्रेम उतरव. त्यानं मागचे खिळे काढले. एकोणचाळीस वर्षांनी ते कापड माझ्या हातात आलं. अजून तसंच गार आणि गुळगुळीत. खिडकीच्या काचेवर आम्ही दोघांनी ते दाबून धरलं. बाहेर अकराचं ऊन.

शाईच्या रेघा काळ्या. आणि त्यांच्या मधून, तिरपे, प्रकाशाचे ठिपके. खरवडल्यावर कापड तिथे पातळ होतं. सपाट टेबलावर कधीच दिसत नाही. सतरा ठिपके. विहिरीपासून निघून रस्ता ओलांडून मारुतीच्या खुणेपर्यंत. गच्चीवरून पाहिलेली तीच रेघ, त्याच कोनात, उजेडानं काढलेली. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

माझ्या रेघेवर एक सबंध शहर वसलं आणि मी पुसलेल्या रेघेवरून ते चालत राहिलं.

“मॅडम, हे कुणी खोडलं?” वीरेश हळूच म्हणाला.

“मी.”

त्यानं कापड टेबलावर पसरलं. रेघ गेली. “हे आपण बघितलंच नाही असं धरू. मी दुसरा कागद शोधतो. तुमचं नाव कशाला...”

“शोधलास ना महिनाभर? मोजणीचं जुनं फिल्ड बुक तरी सापडलं?”

“नाही.”

“मग हाच आहे.”

गुरुवार, १२ फेब्रुवारी

गौरम्माला सांगितलं. तिला ट्रेसिंग, खूण, यादी यातलं काही कळलं नाही. जे कळायचं ते कळलं.

“म्हणजे आमची वाट तुमीच पुसली?”

“हो.”

“अन् आता तुमीच भांडून राहिल्या?”

“हो.”

पदरानं तोंड झाकून ती हसली असं वाटलं, पण हसत नव्हती. “माझी सासू तिथं पाण्याला जायची, अक्का. सांगायची, एक बाई कचेरीतनं आली व्हती, छत्री धरून, पायात जोडे घालून. विहिरीचं पाणी मागितलं, पिली, अन् निघून गेली.”

मला ते आठवत नाही. मी कापडावरच काम करायचे, जागेवर जायचे नाही, असंच मी आयुष्यभर सांगत आले.

“लिहून देणार हाय का हे?” तिनं विचारलं.

“माझी अब्रू जाईल.”

“माझी पोरं जातील,” ती म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन उठली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

दुपारी अडीचला अर्ज दिला, पोच घेतली. नक्कल इथे उतरवते.

प्रति, प्रमुख, हरित मार्ग कक्ष.

विषय: साठ फुटी रस्त्यावर पाण्याच्या टाकीसमोर बंद केलेली वहिवाट खुली करण्याबाबत.

१२ जानेवारी २०२६ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सदर जागा बंद झाली. त्यानंतर मी स्वतः अठरा दिवस मोजणी केली. रोजची सरासरी दोन हजार शहाण्णव माणसे. मोजणीचे कागद सोबत जोडले आहेत, त्यांत प्रत्येक माणसाची एक रेघ आहे.

आपल्या भिंतीवरील १९८७ च्या मूळ ट्रेसिंगवर ही वाट दिसत नाही, म्हणून ती नव्हती असे आपण मानता. ट्रेसिंग उजेडावर धरावे. वाट आहे. मोजणीदाराने ती मोजली होती, मी ती काढली होती आणि मीच ब्लेडने खरवडली. कोणाचा हुकूम नव्हता. यादीत खूण नव्हती, एवढ्यावरून मी ठरवले की त्या बायकांनी दुसरीकडून जावे. माझे चुकले. शीटवरील ‘उ. गु. खा.’ ही अक्षरे माझी आहेत. चौकशी करायची असल्यास माझी करावी. मोजणीदाराची किंवा आपल्या कनिष्ठ अभियंत्याची नव्हे.

आपल्या बसला माझा विरोध नाही. तिचा एक थांबा याच जागी घ्यावा आणि क्रॉसिंग पदपथाच्या उंचीला उचलून बांधावे. बस अडते अशी आपली तक्रार आहे. जिथे दोन हजार माणसे रोज येतात तिथे बसने थांबावे, हेच तिचे काम आहे.

या वाटेवरून श्रीमती गौरम्मा चव्वेचाळीस मुलांचे जेवण नेत असत. आज तेवीस डबे उरले आहेत. जाळी बसेल त्या दिवशी एकही उरणार नाही. हा आकडा आपल्या सर्वेक्षणात ‘इतर’ या रकान्यातसुद्धा नाही.

जाळी सोमवारी, तेवीस तारखेला बसणार आहे. एकोणीस तारखेला शिवजयंतीची सुट्टी आहे हे मला माहीत आहे. तेव्हा शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मला लेखी उत्तर हवे आहे. फोन नको, निरोप नको, ‘बघतो’ नको. होकार असो वा नकार, खाली सही असावी आणि सही करणाऱ्याचे पूर्ण नाव असावे, आद्याक्षरे चालणार नाहीत.

उमादेवी गुरुपादप्पा खानापुरे
निवृत्त ट्रेसर